लाइव्ह डीलरचं टेबल आणि बोनसच्या अटी

रुलेटचं चाक फिरतंय, शेजारी उभी असलेली डीलर हसून पैजा लावायला सांगतेय. ती खरी आहे, चाकही खरं आहे. फक्त ते बऱ्याचदा लाटव्हियातल्या रीगा शहरात असतं. २००६ साली स्थापन झालेल्या एव्होल्यूशन या स्वीडिश कंपनीचे मोठे स्टुडिओ तिथे आहेत. ऑनलाइन कॅसिनोच्या कितीतरी साईट्स याच कंपनीची टेबलं आपापल्या पाटीखाली दाखवतात. म्हणजे टेबल एकाचं आणि बोनस दुसऱ्याचा. बोनसचं गाऱ्हाणं डीलरला चॅटवर सांगून उपयोग नाही, तो तिचा प्रांतच नाही.

पैज लावायला स्क्रीनवर काही सेकंद मिळतात. मुदत संपली की पैजा बंद. मग चाकाचा सेन्सर चेंडू कुठल्या खणात पडला ते टिपतो. पत्त्यांच्या डावात डीलर पत्ता स्कॅनरवरून सरकवते किंवा कॅमेरा तो वाचतो. हिशेब संगणक करतो. मध्येच आपलं नेट गेलं, तरी मुदतीत स्वीकारलेली पैज साधारणपणे कायम राहते आणि निकाल खात्याच्या इतिहासात दिसतो.

आता बोनस. समजा आपण १०० युरो भरले आणि साईटने वर १०० दिले. ते लगेच काढता येत नाहीत. आधी ‘वेजरिंग’ पूर्ण करायचं, म्हणजे ठरावीक रकमेच्या पैजा लावून दाखवायच्या. अट ३० पटीची असेल तर ३,००० युरोंच्या. इथवर बहुतेकजण वाचतात.

खरी मेख पुढच्या तक्त्यात असते. कुठला खेळ या अटीत किती धरला जातो, ते त्यात दिलेलं असतं. स्लॉट बहुधा १०० टक्के. लाइव्ह टेबल अनेकदा १० टक्के, कधी शून्य. १० टक्के म्हणजे १० युरोंची पैज लावली की १ युरो मोजला जाणार. मग ३,००० चे झाले ३०,०००.

युरोपियन रुलेटमध्ये ३६ आकडे आणि एक शून्य, असे ३७ खण. आकडा लागला तर मिळतात ३५ पट. या फरकातून कॅसिनोला सरासरी २.७ टक्के सुटतात. ३०,००० फिरवले की ८१० युरो गेले, तेही १०० च्या बोनसपायी! प्रत्यक्षात एवढी मजल गाठण्याआधीच आपले २०० संपण्याची शक्यता जास्त. स्लॉटवर कॅसिनोचा वाटा ४ टक्के धरला तर १२० जातात. बोनस तिथेही पुरत नाही.

लाइव्ह खेळांवर एवढी खप्पामर्जी का? डीलरचा पगार, स्टुडिओचा खर्च हे एक कारण. दुसरं, ब्लॅकजॅक नीट खेळलं तर कॅसिनोचा वाटा जेमतेम अर्ध्या टक्क्यावर येतो. असा खेळ पूर्ण धरला, तर हुशार खेळाडू अट स्वस्तात उरकतील.

लाल आणि काळा दोन्हींवर एकदम पैज लावून अट पुरी करायची युक्ती अनेकांना सुचते. नियमांत ती बहुधा आधीच बाद केलेली असते. त्याहून जास्त लोक फसतात ते कमाल पैजेवर. बोनस चालू असताना एका डावाला, समजा, ५ युरोंची मर्यादा आहे आणि आपण एकदाच ६ लावले, तर जिंकलेलं सगळं रद्द होऊ शकतं. आधी कुठले पैसे वापरले जातात, आपले की बोनसचे, हेही बघावं. शिवाय मुदत असतेच.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२६ पासून वेजरिंगची अट जास्तीत जास्त १० पट ठेवता येते. तिथल्या मराठी वाचकांना त्याचा उपयोग. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. त्यामुळे मराठीत जाहिरात करणारी साईट दिसली, तरी ती इथे कायदेशीर आहे असं समजू नये.

जिथे परवानगी आहे तिथे बोनस नाकारताही येतो. फक्त लाइव्ह टेबलच खेळायचं असेल तर तेच सोयीचं, कारण मग पैसे काढताना ही फिरवाफिरवी आड येत नाही. पैसे भरायच्या पानावर ‘बोनस हवा’ या चौकटीत अनेकदा आधीच खूण केलेली असते. रक्कम टाकण्यापूर्वी ती काढावी. एकदा बोनस खात्यात आला की तो रद्द करताना त्यातून जिंकलेलंही सहसा सोडावं लागतं.