रेशमाचे गाव आणि अर्धा पैसा

गेल्या जूनमध्ये एका सकाळी मी पॅरिसहून ल्योंला जाणाऱ्या गाडीत एकटीच बसले. मुलगा नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. तो सोबत येणार होता, पण ऐन वेळी त्याची रजा रद्द झाली. “आई, पुढच्या खेपेस जाऊ,” असे तो म्हणाला. परंतु वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पुढच्या खेपेचा भरवसा कोणी द्यावा? शिवाय ल्यों पाहण्याची इच्छा मूळची माझी नव्हे, यजमानांची. इचलकरंजीत आमची कापडाची पेढी. ज्या गावात जॅकार्डचा माग जन्मला, ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, असे ते नेहमी म्हणत. ते राहून गेले. त्यांच्या पश्चात पेढीचे हिशेब मी पाहते. ही इच्छाही मीच पुरी करावी, असे मनाने घेतले.

पिशवीत दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी होती. मनात मात्र आणखी एक ओझे होते. निघण्याच्या आदल्या दिवशी आमचे एक जुने खर्चीवाले यंत्रमागधारक पेढीवर आले होते. “वहिनी, पिकामागे अर्धा पैसा वाढवा. विजेचे बिल आणि कामगारांचा पगार भागत नाही,” म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि सांगितले, “बाजार मंदा आहे, भिवंडीचा माल स्वस्त येतो. मी परत आल्यावर पाहू.” ते काही न बोलता उठून गेले होते.

चारशेहून अधिक किलोमीटरचे अंतर गाडीने दोन तासांत कापले. फ्रान्समधील अतिवेगवान रेल्वेचा पहिला मार्ग १९८१ मध्ये याच दोन शहरांना जोडण्यासाठी सुरू झाला. ल्यों हे दोन नद्यांचे गाव. रोन रुंद आणि वेगवान, सोन संथ. दोघींच्या मधल्या चिंचोळ्या भूभागावर शहराचा मध्यभाग वसला आहे आणि दक्षिणेस त्यांचा संगम होतो. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमन लोकांनी येथे वसाहत केली. मुक्कामी सामान ठेवून मी बेलकूरच्या विस्तीर्ण, तांबूस मातीच्या चौकात आले. चौकाच्या मध्यावर चौदाव्या लुईचा अश्वारूढ पुतळा आहे. तेथून पूल ओलांडला की सोनच्या पश्चिम तीरावर जुने ल्यों लागते. हा भाग १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तेथील ‘त्राबूल’ पाहण्याची मला उत्सुकता होती. एका रस्त्यावरचे साधेसे दार ढकलायचे, घराच्या पोटातील बोळातून आणि अंगणातून जायचे व दुसऱ्याच रस्त्यावर बाहेर पडायचे, अशा शेकडो वाटा या शहरात आहेत. विणलेले रेशीम पावसात भिजू नये म्हणून विणकर याच वाटांनी ते व्यापाऱ्याकडे पोहोचवीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना चुकविण्यासाठी प्रतिकार चळवळीतील लोकांनाही त्या उपयोगी पडल्या. सें-झाँ रस्त्यावरून मी अशाच एका दारात शिरले. आत गार अंधार, वर गुलाबी मनोरा, कमानीचे सज्जे. पाहता पाहता वळण चुकले. मागचे दार बंद, पुढचे उघडेना. भाषा येत नाही, मुलगा दूर. क्षणभर घशाला कोरड पडली. इतक्यात भाजीची टोपली घेतलेल्या एक आजी जिन्यावरून उतरल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओठांवर बोट ठेवून ‘येथे लोक राहतात’ असे खुणेने सुचविले आणि माझा हात धरून मला पलीकडच्या रस्त्यावर सोडले. इतक्या वर्षांत पेढीवर आलेल्या किती गोंधळलेल्या माणसांचा हात मी असा धरला असेल, हा प्रश्न तेव्हा सहज मनात आला आणि पुढे दिवसभर सोबत राहिला.

नंतर दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाडीने फुर्व्हिएर टेकडीवर गेले. शिखरावर १८९६ मध्ये अर्पण झालेले पांढरे, भव्य चर्च आहे आणि थोडे खाली रोमन प्रेक्षागृहाच्या दगडी पायऱ्या. तेथून लालसर छपरांचे सारे शहर दिसते. उत्तरेकडे नदीपलीकडे दुसरी टेकडी दिसते, तिचे नाव क्रुआ-रूस. ल्योंचे लोक पहिलीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि दुसरीला काम करणारी. मला वाटले, आपल्याकडे मंदिर आणि पेढी यांमध्येही अशीच एखादी नदी वाहत असते काय?

दुपारी जेवणाचा प्रश्न होता. ल्यों ही फ्रान्समधील खवय्यांची राजधानी समजली जाते. तेथील पारंपरिक खानावळींची पाटी वाचली, तर आपल्यासाठी तीत जवळजवळ काहीच नसते. एका पदार्थाचे नाव होते ‘कानूचा मेंदू’. मी दचकले. चौकशी केली तेव्हा कळले की ते केवळ हिरवा पाला घातलेले ताजे मऊ चीज, आणि कानू म्हणजे रेशीम विणकर. तरी त्यात कांदा-लसणाच्या जातीचे जिन्नस होतेच. सोनच्या काठावरील बाजारातून पीच घेतले आणि बाकावर बसून दशमी-चटणी खाल्ली. संध्याकाळच्या जेवणाची चिंता मात्र सूर्यानेच मिटवली होती. जूनमध्ये येथे सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो.

नंतर दातेरी रुळावर चढणाऱ्या मेट्रोने क्रुआ-रूसला गेले. तेथील घरांची छते सुमारे चार मीटर उंच आणि खिडक्या उभट, मोठ्या. हा थाट श्रीमंतीचा नव्हे. झोझेफ-मारी जाकार या ल्योंच्याच माणसाने १८०४ मध्ये सिद्ध केलेला माग उंच असे. तो घरात मावावा आणि त्याला उजेड मिळावा, म्हणून घरेच तशी बांधली गेली. त्या जाकारलाच आपण जॅकार्ड म्हणतो. विणकरांच्या जुन्या कार्यशाळेत असा माग चालवून दाखवितात. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते, भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो आणि वस्त्रावर फूल उमलते. पूर्वी दोऱ्या ओढण्यासाठी लागणारे मूल या पुठ्ठ्यांमुळे सुटले. पुढे जाकारचे एक चित्र रेशमात विणले गेले, त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. संगणकाच्या पूर्वजांमध्येही या पुठ्ठ्यांची गणना होते. यजमान असते तर तासभर तेथून हलले नसते.

मागाशेजारी एका वाटीत रेशमाचे पांढरे कोश ठेवले होते. आमच्या सासूबाईंनी ऐन तारुण्यात रेशीम सोडले. पैठणीदेखील त्यांनी पुन्हा अंगाला लावली नाही. कोशातील जीव उकळत्या पाण्यात जातो, हे त्यांनी आम्हा सुनांना शिकविले. रेशमातील हिंसा त्या वाटीतच संपते, असे मी आजवर धरून चालले होते. कार्यशाळेत ऐकलेल्या पुढच्या हकिकतीने माझा तो समज गेला.

व्यापारी कच्चे रेशीम आणि नक्षी देई. माग कानूच्या मालकीचा, त्याच्याच घरात. त्यावर तो, त्याची पत्नी, मुले आणि एखाद-दुसरा गडी पंधरा-पंधरा तास राबत. मजुरी विणलेल्या मापावर, आणि तिचा दर ठरे व्यापाऱ्याच्या पेढीवर. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा. हा तर आमच्या इचलकरंजीचाच खर्चीचा व्यवहार! नेपोलियनच्या काळाच्या मानाने मजुरी पुष्कळ घसरली होती. ऑक्टोबर १८३१ मध्ये दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सरकारी अधिकाऱ्यासमोर बसले आणि किमान दर ठरला. पण काही व्यापाऱ्यांनी तो मानला नाही. परदेशी मालापुढे आपण टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. २१ नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली उतरले. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, असा निर्धार काळ्या झेंड्यावर लिहून ते आले होते. तीन दिवसांत शहर त्यांच्या हाती गेले. शेकडो माणसे मेली वा जखमी झाली. विशेष हे, की शहर हाती असताना लूट होऊ नये म्हणून याच गरीब विणकरांनी पहारे बसविले. डिसेंबरच्या आरंभी मोठे सैन्य आले आणि तो दर रद्द झाला.

व्यापारी आणि विणकर यांचे तंटे आपसात मिटविण्यासाठी १८०६ सालीच या शहरात पंचांचे न्यायमंडळ स्थापन झाले होते. म्हणजे बोलण्याची जागा होती. तरीही वेळ रक्तपातावर गेली. ते व्यापारी दुष्ट होते, असे मला म्हणवत नाही. बाजार मंदा आहे, दुसरीकडचा माल स्वस्त आहे, हे त्यांचे शब्द मी निघण्यापूर्वी स्वतःच्या तोंडाने उच्चारले होते.

उतरताना व्होरास नावाच्या चौकात आले. तेथे सहा मजल्यांचा दगडी जिना आहे. त्याच्या पायऱ्या अनेक पावलांनी झिजल्या आहेत. एका पायरीवर बसून मी हिशेब मांडला. बावन्न पिकांच्या कापडाला पिकामागे अर्धा पैसा म्हणजे मीटरला सव्वीस पैसे. आमच्या एका लग्नसमारंभाच्या फुलांचा खर्च आठवला. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्ननिरोध हे दोन सांगितले आहेत. लहानपणापासून त्यांचा अर्थ बैलावर जास्त ओझे न लादणे, गाईचा चारा न तोडणे, असाच मी घेतला. माणसाच्या मजुरीशी त्यांचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

इचलकरंजीत रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी दिवाणजींना फोन केला. “वहिनी, सगळे क्षेम ना?” ते घाबरून म्हणाले. “क्षेम आहे,” मी म्हटले, “उद्या सकाळी त्या खर्चीवाल्यांना बोलवून घ्या. अर्धा पैसा चालू महिन्यापासून लिहा. आणि मी परत आल्यावर पाहू म्हणाले होते, त्याबद्दल त्यांची क्षमा मागा.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “बरं.”

मुक्कामी पोहोचले तेव्हा आठ वाजले होते आणि ऊन अजून सोनच्या पाण्यावर होते. उरलेली दशमी खाल्ली, पाणी प्यायले आणि सूर्य मावळण्याच्या आत त्या दिवसाचा त्याग घेतला.