पापलेट, लखनौ आणि जाळ्याचा आस

लखनौला समुद्र नाही. तरीही आपल्या ताटातला पापलेट नेमका कोणता, या प्रश्नाचा छडा लावणारी संस्था त्याच शहरात आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो १९८३ साली अलाहाबादला सुरू झाला आणि पुढे लखनौच्या दिलकुशा भागात हलला. समुद्री माशांवर काम करणारं त्याचं केंद्र कोचीला आहे.

नदीकाठच्या या प्रदेशाला समुद्र अगदीच परका नव्हता. बंगालच्या उपसागरातला हिलसा, म्हणजे आपला पाला, अंडी घालायला गंगेतून थेट अलाहाबादच्या वरपर्यंत चढायचा. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला आणि ही वाट जवळजवळ बंद झाली. तिथला मासा जाळ्यांमुळे नव्हे, मुख्यतः वाट अडल्यामुळे गेला. मासेमारीचं नियोजन म्हणजे फक्त होड्या आणि टनांचा हिशेब नव्हे, हे मला या एका उदाहरणातून जितकं पटतं तितकं कुठल्याही अहवालातून पटलं नाही.

आता पापलेटकडे येऊ. आपला पापलेट आणि चीन-जपानकडचा पापलेट एकच, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं: पॅम्पस अर्जेंटियस. ब्यूरोच्या संशोधकांनी माशांच्या शरीराची मोजमापं घेतली, जनुकं तपासली आणि २०१९ साली मांडलं, की उत्तर हिंदी महासागरातला हा मासा वेगळा आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने १८२९ मध्येच त्याला ‘कँडिडस’ हे जातिनाम दिलं होतं, ते पॅम्पस कँडिडस या रूपात पुन्हा वापरात यावं. कोळणीला या नावाने काय फरक पडतो? पडतो. मासा वेगळा, तर त्याच्या वाढीचे आणि विणीचे आकडे परदेशी पाण्यावरून उसने घेता येत नाहीत. ते आपल्याच पाण्यात मोजावे लागतात.

प्रत्येक राज्याने आपला एक मासा निवडून तो जपावा, ही कल्पनाही याच ब्यूरोची. उत्तर प्रदेशाने चितल निवडला. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्यामागे पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांचा आग्रह होता. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे.

नियम चांगला आहे. पण तो बंदरावर लागू होतो आणि मासा मरतो जाळ्यात.

डोल जाळं कसं चालतं ते पाहा. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडं ठेवून ते कवींना, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खांबांना, बांधलेलं असतं. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा, मागे जाता जाता बारीक होत शेवटच्या खोल्याशी, म्हणजे टोकाच्या पिशवीशी, इतका बारीक, की जवळासुद्धा निसटत नाही. तो बारीक असावाच लागतो, कारण जवळा आणि बोंबील हीच या जाळ्याची कमाई. बोंबील जवळा खातो, म्हणून दोन्ही एकाच पाण्यात सापडतात. त्याच पाण्यात पापलेटची पिल्लंही वाढत असतात. खोला होडीत रिकामा केला, की जवळ्याच्या गुलाबी राशीत चपटी, चंदेरी पिल्लं दिसतात. ती तोवर मेलेली असतात. ती परत फेकली काय आणि विकली काय, पापलेटच्या दृष्टीने सारखंच. सातपाटीचा दालदावाला मोठ्या आसाच्या दालदा जाळ्याने पूर्ण वाढलेला पापलेट धरतो; त्याच्या वाट्याचा मासा आधीच दुसऱ्याच्या खोल्यात गेलेला असतो. पालघर आणि वसईकडच्या मच्छीमारांत कवींवरून जे वाद पेटतात, त्यांच्या मुळाशी हेही आहे.

म्हणून एकेका माशाची लांबी ठरवून काम भागणार नाही. पिल्लं कोणत्या महिन्यात, किती वाव खोल पाण्यात असतात ते पाहून त्या काळापुरत्या तिथल्या कवी मोकळ्या ठेवाव्या लागतील. डोलवाल्याचा त्या दिवसांचा रोजगार भरून द्यावा लागेल. त्याच्या पोटावर पाय देऊन केलेला नियम समुद्रात कुणी पाळत नाही. ट्रॉलरच्या खोल्याला चौकोनी आस हवा, कारण तिरका आस ओढ लागली की मिटतो आणि लहान मासा आतच अडकतो. खाड्यांतलं सांडपाणी आणि भराव यांचा हिशेबही याच वहीत लिहायला हवा. २०१९ साली महाराष्ट्राची समुद्री मासळी २ लाख टनांच्या आसपास घसरली, ४५ वर्षांतला नीचांक. त्याला एकच जाळं किंवा एकच गाव जबाबदार धरता येत नाही.

जुन्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी सुटत नसे. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे आणि पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा, असं पारंपरिक मच्छीमार कित्येक वर्षं सांगत आले आहेत. ती मागणी सरकारने मान्य करावी. आणि वाचकहो, बाजारात साडेतेरा सेंटीमीटरहून लहान पापलेट कितीही स्वस्त मिळाला, तरी घेऊ नका.