गोळी घासाबरोबरच द्यावी



स्फुरद म्हटले की आपल्याला खताचे पोते आठवते. पण तेच स्फुरद दूध, डाळ, शेंगदाण्यांतून पोटातही जाते. जास्तीचे स्फुरद मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. ज्या लेकराची मूत्रपिंडे निकामी होत चालली, त्याच्या रक्तात मात्र ते साचते. मग हाडांतला चुना झिजतो, हाडे वाकतात, उंची खुंटते.

यावरचा उपाय आपल्या कारखान्यातही दिसतो. उसाच्या रसात चुन्याची निवळी घातली की चुना स्फुरदाला धरतो अन् गाळ खाली बसतो. कॅल्शियमची गोळी पोटात हेच काम करते. धरलेले स्फुरद शौचावाटे जाते. रक्तात कॅल्शियमच वाढले, तर डॉक्टर सेवेलामर देतात.

म्हणून आमचे कळकळीचे सांगणे : गोळी जेवतानाच द्या. उपाशीपोटी दिली, तर ती धरणार काय? पानाचा चुना हे औषध नव्हे, बरं का! कोला व पाकीटबंद खाऊ टाळा. पण दूध-डाळ आपल्या मनाने तोडू नका, पोराला वाढायचे आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय अन् सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहेत. तिथल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.