धाराशिवच्या मातीतील कंदपुष्पे

यूरोपातील उद्यानप्रेमी मनुष्य शरद ऋतूत ट्युलिपचे कंद जमिनीत लावतो आणि हिमाच्छादित महिने सरल्यावर वसंतात त्यांच्या रंगांची प्रतीक्षा करतो. परंतु धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या हौशी गृहस्थाने हाच क्रम आश्विन-कार्तिकात जसाच्या तसा अनुसरला, तर त्याच्या पदरी बहुधा नुसती पानेच पडतील. यात कसूर त्याच्या मशागतीची नव्हे. ट्युलिपची कळी उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार झालेली असते. पण सुमारे नऊ अंश सेल्सिअसखालील थंडीत बारा ते सोळा आठवडे काढल्यावाचून तिचा देठ वाढत नाही, कारण कंदातील पिष्टाची शर्करा करणारी आणि वाढीची द्रव्ये जागृत करणारी घडामोड त्या शैत्यातच घडून येते. बालाघाटच्या पठारावर पौषातील पहाट कितीही बोचरी असली, तरी दुपारच्या उन्हात माती पुन्हा तापते. २००७ साली खुली झालेली श्रीनगरची ट्युलिपबाग मार्चअखेरीस फुलते, ती काश्मीरच्या दीर्घ हिवाळ्याच्या बळावर.

कंद म्हणजे वनस्पतीने प्रतिकूल ऋतूसाठी भूमीखाली राखलेला अन्नसंचय होय. शीत मुलखात तो ऋतू बर्फाचा असतो, तर आपल्याकडे तो फाल्गुनापासून मृगापर्यंतच्या शुष्क उन्हाचा; म्हणून आपल्या कंदांचा खरा वसंत पावसासवे येतो. दख्खनच्या खडकाळ माळांवरील रानकांदा हे अशा अन्नसंचयाचे मला सर्वांत विस्मयकारक वाटणारे उदाहरण आहे. सभोवतालचे गवत करपून गेलेले असताना, ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसलेला त्याचा पुष्पदंड गतवर्षीच्या संचयावर उभा राहतो. पाने पावसाळ्यात येतात, पुढील वर्षाची शिदोरी कंदात भरतात आणि वाळून जातात. हा कंद हृदयावर परिणाम करणारा विषारी आहे, तेव्हा नावातील कांद्यावर विसंबून कोणी तो खाऊ नये.

बागेसाठी मात्र निशिगंधासारखा आश्रित दुसरा नाही. मूळचा मेक्सिकोचा हा कंद गोठणारी थंडी सोसत नाही, त्यामुळे यूरोपात तो शरदातच उकरून घरात ठेवावा लागतो. म्हणजे ट्युलिपच्या नेमका उलट क्रम! आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत लावल्यास तीन-चार महिन्यांत दांडे येऊ लागतात आणि तुळजापुरी नवरात्राची गर्दी उसळते, त्या सुमारास बाग फुललेली असते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले रजनी' हा वाण दिला आहे. तेरणा-मांजराकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतो, याकरिता तेथे गादीवाफे उंच करावेत. मुरमाड जमिनीत ही चिंता कमी, पण शेणखत मुबलक हवे.

शरदातच काही लावण्याचा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनी ग्लॅडिओलस निवडावा. शीतगृहात ठेवून सुप्तावस्था संपलेले त्याचे कंद दिवाळीच्या आगेमागे लावले, की ऐन हिवाळ्यात रंगीत दांडे हाती येतात. रानकांदा मात्र बागेच्या मोहाने माळावरून उपटून आणू नये. तो त्याच्या जागीच जाऊन पाहावा, अशी वाचकांना विनंती आहे.