‘फुल अँड फायनल’वर सही केली, आता ग्रॅच्युइटी गेली का?

भोसरीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून ११ वर्षं ७ महिने काम केलं, ऑगस्ट २०२४ मध्ये राजीनामा दिला. मालक म्हणाले, ‘राजीनामा देणाऱ्याला ग्रॅच्युइटी नसते.’ ‘सर्व येणं मिळालं’ अशा कागदावर यांनी सहीही केली. आता विचारतायत, “दादा, विषय संपला का?”

नाही संपला. ग्रॅच्युइटी म्हणजे मालकाची बक्षिशी नव्हे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम १४ सांगतं की या कायद्याच्या विरोधात जाणारा कुठलाही करार टिकत नाही. दहा किंवा जास्त कामगार आणि सलग पाच वर्षं नोकरी, एवढं असलं की राजीनामा दिला तरी हक्क आहे. (कामगार नंतर आठवर आले तरी कायदा सुटत नाही. हे मालक लोक सोयीनं विसरतात.) गैरवर्तनावरून काढून टाकलं तर काही ठरावीक प्रकरणांत रक्कम रोखता येते, नोटीस पिरियड न भरणं त्यात येत नाही.

आता हिशेब, कारण खरी गडबड इथेच होते. यांचा शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता १५,६०० रुपये. भागायचं २६ ने, ३० ने नाही. म्हणजे दिवसाचे ६००, पंधरा दिवसांचे ९,०००. सहा महिन्यांच्या वरचे महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १२ वर्षं. झाले १,०८,०००. तीसने भागून ११ वर्षं धरली तर ८५,८०० च येतात! शिवाय ३० दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढे १० टक्के सरळ व्याज.

आधी मालकाला ‘फॉर्म आय’ स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. दाद दिली नाही तर ‘फॉर्म एन’. आपल्याकडे हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात. मुदत ९० दिवसांची, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. ‘नसते म्हणून सांगितलं होतं’ हे कारण अर्जात स्पष्ट लिहा. मान्य करायचं की नाही ते न्यायाधीश ठरवतील. निकाल लागल्यावर मालकाला अपील करायचं तर रक्कम आधी भरावी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नोकरी सोडणाऱ्यांना सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे. हिशेबाची रीत तीच, पण भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरतात. बेसिक बारीक ठेवायची युक्ती आता तेवढी चालायची नाही.

आणि दादा, पगाराच्या स्लिपा, पीएफ पासबुक यांच्याबरोबर त्या सही केलेल्या कागदाची झेरॉक्सही जोडा. त्यात ग्रॅच्युइटीची रक्कम लिहिलेली नसेल, तर तो कागद तुमच्याच कामाला येईल.