मोटार आणि पदपथाची कड

पदपथासमोर मोटार उभी करताना पुष्कळदा पुढच्या भागाखालून खरखर असा आवाज येतो आणि चालक दचकतो. पदपथाची दगडी कड तर त्याला क्षणापूर्वी स्पष्ट दिसत होती. मग ती गेली कोठे? याचे उत्तर शाळेत शिकविल्या जाणाऱ्या समरूप त्रिकोणांत आहे.

समजा, चालकाचा डोळा जमिनीपासून ११० सेंटिमीटर उंच आहे आणि त्याच्या पुढे १५० सेंटिमीटर अंतरावर बॉनेटची कड ८० सेंटिमीटर उंचीवर आहे. म्हणजे त्याची दृष्टिरेषा १५० सेंटिमीटर पुढे जाताना ३० सेंटिमीटर खाली उतरते. दर पाच सेंटिमीटरांस एक, असा हा उतार होय. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. तेवढ्या उंचीपर्यंत येण्यास दृष्टिरेषेला ९५ सेंटिमीटर उतरावे लागते, आणि त्यासाठी ४७५ सेंटिमीटर पुढे जावे लागते. मोटारीचे टोक डोळ्यापासून २०० सेंटिमीटरांवर असेल, तर त्या टोकापुढील पावणेतीन मीटरांत आलेली कड चालकास दिसणारच नाही.

चाक दगडाला टेकेपर्यंत पुढे जाण्याची सवय येथे घातक ठरते. पुढचा बंपर चाकाच्या बराच पुढे असतो. चाक टेकण्यापूर्वीच तो कडेवर पोहोचलेला असतो. त्यातही एक नवल असे, की सुखरूप आत गेलेली मोटार बाहेर येताना घासते. मोटार एकदम मागे नेली, की जडत्वामुळे भार पुढच्या चाकांवर येतो, स्प्रिंगा दबतात आणि मोटारीचे नाक खाली झुकते. बंपरची खालची कड १७ सेंटिमीटरांवर असली आणि ती तीन सेंटिमीटर झुकली, तर १५ सेंटिमीटरांच्या दगडात ती अडकते. कधीकधी बंपर उखडूनही येतो.

यावर उपाय साधे आहेत. प्रथम एकदा खाली उतरून पाहावे व कडेच्या आधीच मोटार थांबवावी. त्या वेळी बाजूच्या आरशाखाली जमिनीवरील कोणती खूण येते, हे ध्यानात ठेवावे. तीच खूण त्या जागी पुढेही उपयोगी पडते. बंपर कडेवर गेलाच असेल, तर मोटार अगदी हळूहळू, हिसका न देता मागे घ्यावी.

मात्र बंपरवरील ओरखडा बुजविता येतो. वरील उदाहरणात मोटारीच्या टोकापासून अर्ध्या मीटरच्या आत बसलेले, साठ सेंटिमीटर उंचीचे मूलही चालकास दिसत नाही. म्हणून मोटार सुरू करण्यापूर्वी तिच्यापुढून एक फेरी मारणे, हा या भूमितीचा सर्वांत महत्त्वाचा धडा होय.