जोखमीचे बाळंतपण : आधी ओळख, आधी तयारी

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील केळझर हे गाव सिद्धिविनायकाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. नागपूर-वर्धा मार्गावरील या गावापासून वर्धा सुमारे २६ किलोमीटरवर असून सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही तेथून जवळच आहे. रस्ता व रुग्णालय या सोयी असल्या तरी तेवढ्याने बाळंतपण सुखरूप होईलच असे नाही. धोका वेळीच ओळखला गेला नाही, अथवा ओळखूनही निर्णय लांबला, तर जवळचे रुग्णालयही दूरचे ठरते.

जोखीम कशी ओळखावी?

बहुतेक बाळंतपणे निसर्गक्रमानुसार पार पडतात. तथापि, अठरा वर्षांखालील वा पस्तीस वर्षांवरील माता, पूर्वी शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती, जुळी किंवा आडवे मूल आणि हृदयविकार असल्यास विशेष दक्षता आवश्यक असते. अन्य धोके तपासणीखेरीज कळत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिन ७ ग्रॅमपेक्षा कमी असणे हा तीव्र रक्तक्षय होय. अशा मातेला प्रसूतीतील थोडा रक्तस्रावही सोसत नाही. विदर्भात सिकलसेलचा आजार आढळत असल्याने त्याची रक्ततपासणीही महत्त्वाची आहे.

रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असणे ही धोक्याची सूचना समजावी. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि पोटाच्या वरच्या भागात वेदना ही लक्षणे दिसल्यास झटके येण्यापूर्वीच रुग्णालय गाठले पाहिजे. नागपूरच्या दोन शासकीय रुग्णालयांत २०१५ ते २०१७ या काळात ८९४ गर्भवतींवर झालेल्या अभ्यासात, साध्या गोळ्यांनीही बहुसंख्य मातांचा वाढलेला रक्तदाब सहा तासांच्या आत आटोक्यात आल्याचे दिसून आले. औषध साधे आहे. परंतु ते मिळण्यासाठी रक्तदाब आधी मोजला गेला पाहिजे.

प्रसूतीच्या वेळी

पहिलटकरणीच्या कळा बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ चालू शकतात; त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र कळांपूर्वी पाणी जाणे, अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांकडे दुर्लक्ष करू नये. मूल जन्मल्यानंतर साधारणतः अर्ध्या तासात वार पडते. या वेळचा अतिरक्तस्राव कोणतीही जोखीम नसलेल्या मातेलाही होऊ शकतो. तो टाळण्यासाठी जन्मानंतर लगेच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. म्हणूनच प्रत्येक प्रसूती आरोग्य संस्थेतच होणे इष्ट आहे.

माहेरी जाताना

पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला माहेरी आणण्याची रीत आपल्याकडे आहे. तिच्यामागील माया मोलाची आहे. परंतु तपासण्यांची नोंद सासरी राहिली, तर माहेरच्या आरोग्य सेविकेला जोखमीची कल्पनाच येत नाही. नोंदीचे कार्ड मातेसोबत गेले पाहिजे, आणि सासरच्या आशा कार्यकर्तीने माहेरच्या आशा कार्यकर्तीस तसे कळविले पाहिजे.

गावाची जबाबदारी

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची तपासणी होते. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व वाहतूक विनामूल्य आहे. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागविता येते. या सोयींची माहिती प्रत्येक घरी पोहोचविणे हे ग्रामपंचायत सदस्यांचे व शिक्षकांचे काम आहे. जोखमीच्या मातेला कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे, रक्त कोण देणार आणि घरातील कर्ता बाहेरगावी असल्यास निर्णय कोणी घ्यावयाचा, हे आठव्या महिन्यापूर्वीच ठरले पाहिजे.

२०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचे प्रमाण ९७ होते. राज्याची ही प्रगती समाधानकारक असली, तरी उरलेल्या मृत्यूंपैकी अनेक टाळता येण्याजोगे असतात. त्यासाठी गावातील प्रत्येक गर्भवतीचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि प्रसूतीचे ठिकाण यांची नोंद गावापाशी तयार असणे अगत्याचे आहे.